मोतिया कपाटाची पिवळी दारं

दिवाळीनंतर इंदापुरात माझ्या भाचीच्या मुलीचा साखरपुडा झाला. तिथं मी माइक हातात घेऊन चार वाक्यं बोललो. तेव्हापासून माणसं मला गाठून सांगतात, की या वयात भर मांडवात आपली चूक कबूल करायला मोठं मन लागतं. परवा बारामतीच्या मंडईत एकानं माझ्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली आणि गाडीपर्यंत आणून दिली. का, तर मी मोठ्या मनाचा.

त्या दिवशी मी जे बोललो ते पुरतं खरं नव्हतं. सोपं होतं तेवढं बोललो आणि अवघड आलं तिथं एक शब्द घालून मोकळा झालो. तो शब्द मागं घ्यायचा आहे. तोंडी सांगायला गेलो की जीभ आपोआप सोयीच्या बाजूला वळते, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. म्हणून लिहितो.

मी मूळचा वरकुट्याचा. तरुणपणी पुण्याकडं पंख्यांच्या कारखान्यात पावडर कोटिंगच्या खात्यात होतो. तिथं शिकलो आणि बारामतीच्या एमआयडीसीत पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन स्वतःचं सुरू केलं. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंड आधी धुवायचं, गंज काढायचा, वाळवायचं आणि हुकाला टांगायचं. मग गनमधून त्यावर पिठासारखी कोरडी पावडर मारायची. ती विजेच्या ओढीनं लोखंडाला धरून राहते. तसंच ते उचलून भट्टीत घालायचं. तिथं पावडर वितळते, पसरते, घट्ट होते आणि तिचा रंग होतो. ऐकायला यात काही नाही. पण एका सामानाचे दहा तुकडे वेगवेगळ्या वेळी मारून ते शेजारी उभे केल्यावर एकच दिसले पाहिजेत. सगळा धंदा त्यावर चालतो. गिऱ्हाईक रंग चांगला की वाईट हे सांगत नाही. ते दोन तुकडे जवळ धरतं आणि तुमच्या तोंडाकडं बघतं.

शेड सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत माझी थोरली बहीण, अक्का, निमगाव केतकीहून आली. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, दारूचा नाद होता. ती म्हणाली, “तुझ्याजवळ ठिव. दिवसभर कामात गुतला की सुटंल.” आणि खरंच सुटली. त्यांची मुलगी शाळेत होती तेव्हाच सुटली. मी काही केलं नाही, त्यांनीच सोडली. शेडच्या मागं मोरीशी बसून घाम पुसत, ओकत, शिव्या देत सोडली. नंतर लग्नाकार्यात कुणी ग्लास पुढं केला तर ते हात पाठीमागं बांधून उभे राहायचे.

गन धरायला त्यांना मी शिकवलं. वर्षभरात त्यांचा हात माझ्यापेक्षा बरा बसला. स्वभाव मात्र किरकिरा होता. हुकांवरून रोज वाद व्हायचा. हुकावर जुन्या रंगाचे थर चढले की वीज जमिनीत उतरत नाही, पावडर नीट धरत नाही, थर पातळ बसतो आणि तोच रंग वेगळा दिसतो.

“मेव्हणं, हूक भाजून आण आधी.”

“कालच भाजलेत, दाजी.”

“कालचे? आरं, गेल्या दिवाळीपासनं ह्येच्यावर पुरणाची पोळी चढतीया. खायची का टांगायची?”

गडी हसायचे. मला राग यायचा, पण हूक भाजायला पाठवायचो.

मी त्यांना शिकवलेल्या गोष्टींतली एक इथं मुद्दाम लिहितो. भट्टीच्या काट्यावर दिसते ती आतल्या हवेची उष्णता, लोखंडाची नाही. पातळ पत्रा झटकन तापतो आणि जाड प्लेट कितीतरी मागं राहते. जाड शिजेपर्यंत थांबलं तर पातळ करपतं. पातळ झाल्यावर उघडलं तर जाड कच्चं राहतं. म्हणून जाड आणि पातळ एका पंगतीला बसवायचं नाही. हे वाक्य माझं. दाजींनी ते पाठ केलं आणि पुढं नव्या गड्यांना तेच ऐकवायला लागले. पुढं जे घडलं तेव्हा मला ते माहीत नव्हतं, असं कुणी समजू नये.

भाचीचं लग्न ठरलं ते इंदापुरातल्या घरात. मामा म्हणून कपाट, पलंग आणि आरशाचं टेबल मी द्यायचं ठरलं. आमच्याकडं लग्नात नवरीचा सगळा संसार मांडवाच्या तोंडाशी मांडतात. मुलाकडची माणसं येताजाता तो बघतात, बोटांनी वाजवतात, दारं उघडतात आणि एकमेकांच्या कानाला लागतात. त्यामुळं रंग निवडायला भाची स्वतः शेडवर आली. रंगांचं पान उलटंसुलटं करून तिनं एक फिकट रंग धरला.

“मामा, ह्यो. मोत्यावानी हाय.”

“अगं, फिकट लगेच मळतो.”

“मळला तर मी पुसीन की.”

आतून दाजी ओरडले, “घरात कवा फडकं हातात धरलं न्हाय, आणि हितं पुसणार म्हणं!”

“अण्णा, तुमी गप मारा तुमची पावडर.”

फिकट रंग कोटिंगवाल्याची परीक्षा घेतो. थर जरा पातळ झाला तर खालचं लोखंड काळसर डोकावतं. भट्टीत जरा जास्त राहिला तर पिवळा पडतो. दाजींनी लेकीच्या सामानासाठी नवा खोका फोडला. खाली उडालेली, गोळा करून चाळलेली पावडर त्यात मिसळू दिली नाही. हूक स्वतः भाजून आणले. पलंग, टेबल आणि कपाटाचा सांगाडा त्यांनी मारला आणि एकेक करून भट्टीतून काढला. सांगाड्यानं सगळी भट्टी भरली होती, म्हणून कपाटाची दोन्ही दारं मागं राहिली. ती त्यांनी शेवटी मारली आणि टांगून ठेवली. लग्न दोन दिवसांवर आलं होतं. त्यांना निमगावला जाणं भाग होतं, देवकाची तयारी बापाशिवाय कशी होणार?

निघताना म्हणाले, “दारं एकटीच घाल. जास्त ठिवू नगंस.”

“मला शिकवता व्हय, दाजी?”

“तसं न्हाय रं. पोरीचं हाय म्हणून म्हणलं.”

ते गेले, आणि वालचंदनगरच्या बाजूचं एक गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात आलं. त्याच्या जाड प्लेटींना पावडर मारून झाली होती, भट्टीत घालायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तो टेम्पोच्या फळीवर बसून राहिला आणि दर थोड्या वेळानं घसा खाकरायला लागला. मी भट्टीत पाहिलं. दोन दारं टांगली तरी निम्मी जागा मोकळी राहत होती. मी प्लेटी त्यातच टांगल्या. टांगताना ते पंगतीचं वाक्य मला आठवलं. पुरतं, शब्दाशब्दानं आठवलं. दारं तोंडाशी टांगू, तिथं आच कमी लागते, असं मी स्वतःला समजावलं. पत्र्याला दोन बोटांच्या अंतरानं काय फरक पडणार आहे, हेही मला ठाऊक होतं.

दारं झाली तेव्हा प्लेटी कच्च्या होत्या. मी भट्टीचं तोंड बंदच ठेवलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा बंद ठेवलं. प्लेटी झाल्या, गिऱ्हाईक गेलं.

मग एक दार उचलून शेडच्या तोंडाशी उन्हात नेलं आणि सांगाड्याला लावून पाहिलं. सांगाडा मोत्यासारखा होता. दार चुलीवर फार वेळ राहिलेल्या दुधाच्या सायीसारखं. मी ते ओळखलं. गडी जेवायला गेले होते, पाहणारा मी एकटाच होतो.

हातात एक आख्खा दिवस होता. खोक्यात पावडर शिल्लक होती. दारं घासून पुन्हा मारता आली असती, काहीच अशक्य नव्हतं. मी केलं नाही. का, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं, आणि कंटाळा याखेरीज दुसरं सापडलं नाही. लग्नाची धावपळ होती, मला केस कापायचे होते, पाहुणे उतरायचे होते. मांडवाला गुलाबी कापड असतं, त्याच्याखाली सगळेच रंग सारखे दिसतात, असं मनाशी म्हणालो आणि दारं सांगाड्याला बसवून टाकली.

लग्नाच्या दिवशी निमगावात सामानाचा टेम्पो मांडवाच्या आत गेलाच नाही. सामान रस्त्यावर, लख्ख उन्हात उतरलं. मुलाची आत्या पुढं झाली. कपाटाभोवती एक फेरी मारली आणि मोठ्यानं म्हणाली, “कपाट एकाचं आन् दारं दुसऱ्याची का ही?”

दुसरी कुणीतरी म्हणाली, “जुनं रंगवून आणलं असंल. चालायचंच.”

बायका हसल्या. भाची हळदीच्या अंगानं आतून पाहत होती. मुलाचे वडील, आमचे व्याही, मिशीवरून हात फिरवत माझ्याकडं आले. “मामा, तुमचा तर ह्योच धंदा हाय म्हणं. मग आसं कसं?”

दाजी चार पावलांवर होते. डोक्याला फेटा, हातात पाहुण्यांसाठी पाण्याची कळशी. दारं लावलेलं कपाट त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, मी त्यांच्या तोंडावर ते वाचलं. ते माझ्याकडं बघत होते. मी काहीतरी सांगेन अशी वाट बघत होते.

मी म्हणालो, “रंग दाजींनी मारलाय. पैल्यासारखा हात राह्यला न्हाय त्यांचा. थरथरतो. काय करणार, आपलंच माणूस हाय.”

एवढंच. दारूचं नाव मी घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. निमगावातलं शेंबडं पोरसुद्धा दाजींचा मागला इतिहास जाणत होतं, आणि हात थरथरतो याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. व्याह्यांनी “असं व्हय” म्हणून मान हलवली, तीही दयेनं.

लेकीच्या मांडवात, अक्षता पडायच्या आधी, नवरीचा बाप नवरीच्या मामाशी भांडला असता तर काय झालं असतं, हे मला जितकं कळत होतं तितकंच दाजींना. मी बोललो ते त्याच भरवशावर बोललो. त्यांनी कळशी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि पाणी द्यायला पंगतीत गेले. त्या दिवशी सगळे त्यांच्या हाताकडं बघत होते. आणि इतके डोळे लागल्यावर कुणाचाही हात थरथरतो. त्यांचाही थरथरला.

लग्नानंतर ते शेडवर आले नाहीत. मी बोलवायला गेलो नाही. त्यांच्या वाट्याची थोडी जमीन होती, तिथं त्यांनी डाळिंब लावलं. शेडवर मी नवा गडी ठेवला. पुढं मी फार काटेकोर झालो, ही त्यातली आणखी एक लाज. पहिला तुकडा नमुना म्हणून राखून ठेवायचा, प्रत्येक तुकडा त्याच्याशेजारी धरायचा, तोही ट्यूबखाली नाही तर दारातल्या उजेडात. थराची जाडी मोजायची. जाड आणि पातळ वेगळं भाजायचं. चाळलेली पावडर फिकट रंगात घालायची नाही. रंग एकसारखा हवा तर बारामतीत माझ्याकडं जावं, असं लोक म्हणू लागले. कुणी विचारलं, की आधी तुमचे दाजी होते ना, तर मी नुसती मान हलवून विषय बदलायचो. त्या मान हलवण्यातही मी पुन्हा तेच सांगत होतो.

अक्काला मी खरं सांगू शकलो असतो. ती दर भाऊबीजेला यायची. एकदा स्वयंपाकघरात माझ्या बायकोला म्हणाली, “वयनी, अजूनबी जेवायला वाढताना मी त्येंच्या तोंडाजवळ वाकून वास घेती. न्हाय येत कसला. पण मन बसत न्हाय.” मी बाहेरच्या खोलीत होतो. सगळं ऐकू येत होतं. मी पेपर उलटला. अक्काला जाऊन आता काही वर्षं झाली. ती गेली तेव्हा नवरा लेकीच्या लग्नात प्यायला होता, हेच मानून गेली.

आता साखरपुड्याकडं येतो.

भाचीचा फोन आला. “मामा, आजोळच्या मानाला तुमी बसा.”

आजोळ म्हणजे तिचं माहेर. त्या घरचा वडीलधारा पुढं पाटावर बसतो, त्याला टॉवेल-टोपी करतात. मी म्हणालो, “अगं, तुझा बाप हाय की.”

“अण्णा येतील. पर माघं बसतील. आमचे सासरे म्हणत्यात, नव्या पाव्हण्यांम्होरं उगं इषय नको. तुमास्नी तर सगळं ठावं हाय.”

मला सगळं ठाऊक होतं. म्हातारपणात माणसाच्या हाती काय उरतं? नातीच्या कार्यात पुढं बसायचा मान. तोही माझ्या एका वाक्यानं गेला होता, आणि वर तो मलाच देऊ करत होते. फोन ठेवल्यावर मी ठरवलं, तिथं सगळ्यांसमोर खरं बोलायचं आणि दाजींना त्या पाटावर बसवायचं.

दाजी एसटीनं आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा. ते मागल्या खुर्चीवर, पाण्याच्या जारांशेजारी बसले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी पाटावर न बसता माइक मागितला. म्हणालो, की या मुलीच्या आईच्या लग्नात मी जे कपाट दिलं होतं त्याची दारं पिवळी निघाली होती. तो दोष मी दाजींच्या हातावर टाकला. त्यांचा हात चांगला होता. त्यांनी त्या दिवसांत थेंबालाही स्पर्श केला नव्हता. दारं माझ्याकडून भट्टीत जास्त राहिली होती. हे मला नंतर कळलं. मला माफ करा.

हे मला नंतर कळलं. तो शब्द हा. नंतर.

मी तो ठरवून आणला नव्हता. बोलता बोलता समोर नव्या पाहुण्यांचे चेहरे दिसले, आमच्या मुलांचे, सुनांचे दिसले आणि तो तोंडातून घरंगळला. त्या एका शब्दानं मी खोटारड्याचा नुसता चुकलेला माणूस झालो.

निवेदन करणारा ओरडला, “टाळ्या होऊन जाऊ द्या!” टाळ्या झाल्या. व्याही, आता तेही काठी टेकत चालतात, मला येऊन मिठीच मारायला लागले. “पाव्हणं, ह्येला वाघाचं काळीज लागतं.” टॉवेल-टोपी मलाच केली. मी म्हणत होतो, की दाजींना बोलवा. कुणीतरी त्यांना हाताला धरून आणलं आणि घाईघाईनं उरलेला एक टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. टोपी उरली नव्हती. फोटोत मी मधोमध आहे. दाजी कडेला अर्धे आले आहेत.

जेवणं झाल्यावर ते बाहेर निंबाखाली उभे होते. मी जवळ गेलो. आता ते काहीतरी चांगलं बोलतील असं मला वाटत होतं, खोटं कशाला सांगू. ते म्हणाले, “मेव्हणं, एक इचारू? तुला नंतर कळलं म्हंजे कवा?”

“लग्नानंतर झाले असतील पंधरा-वीस दिवस. हूक तपासताना ध्यानात आलं.”

हूक कुठून आला, मलाही माहीत नाही. दाजींनी माझ्याकडं पाहिलं. ज्यानं उमेदीची वर्षं गनपाशी घालवली त्याला मी सांगत होतो, की करपलेला रंग मला हुकावरून कळला. ते “आसं” म्हणाले आणि स्टँडकडं चालू लागले.

मला पुढं नीट जेवण जाईना. बायकोला वाटलं पित्त झालं. थंडी सरत आली तेव्हा एक दिवस मी कुणाला न सांगता निमगावची एसटी धरली.

दाजी बागेत डाळिंबाच्या झुकलेल्या फांदीला बांबूचा टेकू देत होते. मला पाहून म्हणाले, “धर हितं.” मी बांबू धरला. तो धरूनच बोललो. प्लेटी, गिऱ्हाईक, पंगतीचं वाक्य, उन्हात लावून पाहिलेलं दार, घासून मारायला असलेला आख्खा दिवस. ते सुतळी गुंडाळत होते.

“म्हंजे मांडवात बोललास तवाच तुला ठावं हुतं.”

“व्हय.”

“आन् परवा माइकवरबी.”

“व्हय.”

“निंबाखाली मी इचारलं तवाबी.”

“व्हय, दाजी.”

त्यांनी गाठ मारली. ओढून पाहिली. मग म्हणाले, “मला वाटायचं, एखाद्या वेळी हालला असंल माझा हात. इतकी माणसं म्हणत्यात तर हालला असंल. दारं मी शेवटाला मारली हुती, दमलो हुतो. म्हणून गन सोडली म्या. परत धरायची हिंमत न्हाय झाली.”

हे मी कधी मनात आणलं नव्हतं. मला वाटत होतं, दाजी खरं जाणून आहेत, मला मनातल्या मनात शिव्या देत आहेत आणि गप्प आहेत. त्यांच्या गप्प बसण्याला मी त्यांचा मोठेपणा समजत होतो आणि त्या मोठेपणाच्या सावलीत आरामात होतो. ते तर इतकी वर्षं स्वतःच्याच हातावर संशय घेऊन जगले. लोकांसमोर त्यांची बेअब्रू केली हे मला कळत होतं. त्यांच्या स्वतःजवळ केली, हे त्या दिवशी कळलं, आणि हे मात्र खरोखरच नंतर कळलं.

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतला. “ते ऱ्हाऊ दे. लेकीला सांग. मी सांगितलं तर म्हणंल, बाप सोताची बाजू घेतोय.”

तिथूनच फोन लावला. भाचीला पहिल्यापासून सांगितलं. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “आईला ह्ये म्हाईत हुतं?”

“न्हाय.”

“अण्णा तितं हायत का?”

“हायत.”

“त्येंच्याकडं द्या.”

मी फोन दिला आणि बांधावर जाऊन उभा राहिलो. दाजी पुष्कळ वेळ नुसते ऐकत होते. मधेच म्हणाले, “रडू नगंस गं, येड्यावानी.” फोन परत आणून दिला तेव्हा तो बंद झालेला होता. तिनं मला फोनवर परत बोलावलं नव्हतं. दाजींनी चहाला थांबायचा आग्रह केला नाही. बरं केलं.

गेल्या आठवड्यात लग्नाची पत्रिका आली. पूर्वी अशा पत्रिका घेऊन भाची स्वतः यायची. या वेळी तिच्या दिरानं आणून दिली, दारातूनच. त्याच्याकडूनच कळलं, की आजोळच्या पाटावर या वेळी दाजी बसणार आहेत, भाचीनं सासऱ्यांना तसं ठणकावून सांगितलं आहे.

बायको पत्रिका घेऊन उजेडात बसली. तिला नावं वाचायची हौस. आजोळच्या रकान्यात दाजींचं नाव पहिलं होतं, ठळक अक्षरात. तिनं पुढची नावं वाचली, मागची वाचली, पान उलटून पाहिलं.

“अवो, तुमचं नाव कसं न्हाय ह्येच्यात?”

छापखान्यावाल्याकडून राहिलं असेल. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. विचार करावा लागला नाही, कुठून आणावं लागलं नाही. जिभेवर येऊन बसलं होतं, आणि तो बिचारा छापखानेवाला कोण, कुठला, मला त्याचं तोंडही माहीत नाही.

ती चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं बघत राहिली.

“भाचीनं काढलं,” मी म्हणालो. “बरोबर केलं तिनं. पत्रिका ठिव खाली. सांगतो.”